डेम्लो संख्या आणि हातचा

(प्राथमिक शिक्षकांसमोर वाचावयाचे भाषण)



मुंबईच्या उपनगरांतून दोन लोहमार्ग बाहेर पडतात. एक अंधेरी व बोरिवली या स्थानकांवरून उत्तरेस डहाणूकडे जातो. दुसरा घाटकोपर व मुलुंड मागे टाकून ठाणे, डोंबिवली, कल्याण असा जातो आणि पुढे कसारा घाट चढून देवळालीस पोहोचतो. या दोन मार्गांवरील चार गावांशी एका शाळामास्तरांचे चरित्र निगडित आहे. डहाणू हे त्यांचे जन्मस्थान. ठाणे येथे त्यांचे माध्यमिक शिक्षण झाले. देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी अध्यापन केले. आणि डोंबिवलीचे नाव त्यांनी संख्यांच्या एका कुळास दिले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव होय.

त्या काळी मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर असलेले हे स्थानक ‘डेम्लो’ या नावानेही ओळखले जाई. या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना कापरेकरांना तेथे सुचली, म्हणून त्यांनी त्यांस ‘डेम्लो संख्या’ असे म्हटले. थोर पुरुषांची नावे सिद्धान्तांना दिली जातात; येथे एका साध्या रेल्वे स्थानकास तो मान मिळाला. या कुळातील सर्वांत सुबक संख्या हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. ती संख्या अशी:

१२३४५६७८९८७६५४३२१

ही संख्या सतरा अंकी आहे. डावीकडून वाचली काय आणि उजवीकडून वाचली काय, सारखीच. प्रथम ती मुलांकडून वाचून घ्यावी, कारण जी संख्या वाचता येत नाही ती केवळ अंकांची माळ असते. कोटी हे परिमाण धरले तर ती एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लक्ष सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लक्ष चौपन्न हजार तीनशे एकवीस अशी वाचता येते. इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या परिपाठीप्रमाणे या संख्येतील सर्वांत डावीकडचा एक ‘मध्य’ या सतराव्या स्थानी येतो. परार्ध त्याच्यापुढे केवळ एक पायरी.

आता ही संख्या कोठून येते ते पाहावे. फळ्यावर पुढील गुणाकार एकाखाली एक मांडावेत:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

चौथ्या ओळीनंतर वर्गातील बहुतेक मुले पाचवी ओळ गुणाकार न करताच सांगतील, आणि ती बरोबर असेल. असेच पुढे गेले असता नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग हीच आपली सतरा अंकी संख्या येते. मुलांच्या मुखावर या वेळी जो आनंद दिसतो तो मोलाचा आहे. परंतु पाठ येथे संपवू नये, कारण मुलांनी अद्याप केवळ एक रीत ओळखली आहे. ती रीत का चालते हे त्यांना समजलेले नाही.

हे ‘का’ समजण्यास उच्च गणित लागत नाही. १११ ला १११ ने नेहमीच्या पद्धतीने गुणावे. १११ ही संख्या तीन वेळा लिहिली जाते, आणि प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभ्या स्तंभांची बेरीज करताना उजवीकडील पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा दोन आणि पाचव्यात एक असे एक मिळतात. म्हणजे उत्तरातील प्रत्येक अंक हा त्या स्तंभात किती एक जमले याची मोजणी आहे. १२३२१ ही संख्या म्हणजे त्या सरकत्या मांडणीचे चित्रच होय.

उपनगरातील मुलांसाठी हेच चित्र रुळांवर उभे करता येते. उपनगरी गाड्या पूर्वी बहुतांशी नऊ डब्यांच्या असत. पुढे बारा व पंधरा डब्यांच्या गाड्या धावू लागल्या. शेजारच्या दोन रुळांवरून नऊ डब्यांच्या दोन गाड्या परस्परविरुद्ध दिशांनी येत आहेत अशी कल्पना करावी. प्रथम एका गाडीचा पहिला डबा दुसरीच्या पहिल्या डब्यासमोर येतो: समोरासमोर डब्यांची एक जोडी. प्रत्येक गाडी अर्धा डबा पुढे सरकली की दोन जोड्या, मग तीन, असे होत होत नऊ. त्या क्षणी दोन्ही गाड्या पूर्णपणे एकमेकींसमोर असतात. त्यानंतर आठ, सात, सहा असे उतरत शेवटी एक, आणि गाड्या सुटून जातात. एक ते नऊ आणि नऊ ते एक: हीच ती संख्या. मुलांनी वहीच्या कागदाच्या दोन पट्ट्या कापून त्यांवर नऊ नऊ घरे आखावीत आणि पट्ट्या एकमेकींशेजारून सरकवून पाहाव्यात. गुणाकारातील ‘एक घर डावीकडे’ याचा अर्थ त्यांना हाताने कळेल.

दुसरा प्रयोग चिंचोक्यांचा. नऊ ओळींत नऊ नऊ चिंचोके मांडून चौरस करावा. आता ते आडवे किंवा उभे न मोजता एका कोपऱ्यापासून तिरप्या रेषांनी मोजावेत. पहिल्या तिरप्या रेषेत एक, दुसरीत दोन, मधल्या सर्वांत लांब रेषेत नऊ, आणि समोरच्या कोपऱ्यात पुन्हा एक. एकूण चिंचोके ८१. म्हणून आपल्या संख्येतील सर्व अंकांची बेरीज ८१ च आली पाहिजे. मुलांनी ती करून पाहावी. ती तितकीच येते.

या संख्येच्या अंगी आणखीही गुण आहेत. १११११११११ या संख्येचे मूळ अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७ हे आहेत. तिचा वर्ग म्हणजे आपली संख्या. तेव्हा तिच्यात ३ हा अवयव चार वेळा आणि ३७ व ३३३६६७ हे प्रत्येकी दोन वेळा येतात. त्यावरून तिला एकंदर ४५ संख्यांनी निःशेष भाग जातो असे निघते. ४५ ही संख्या विषम आहे, आणि ते स्वाभाविकच आहे. कोणत्याही संख्येचे भाजक जोडीने येतात; वर्गसंख्येत मात्र वर्गमूळ हे स्वतःचाच जोडीदार असते, म्हणून एक भाजक एकटा उरतो. शिवाय १२३४५६७९ ला ९ ने गुणले असता १११११११११ मिळते. या गुण्यात आठ हा अंक नाही, याची नोंद मुलांकडून करून घ्यावी. तो आठ कोठे गेला, या प्रश्नाचे उत्तर पुढे येईल.

अशा चढत्या-उतरत्या संख्यांचे कौतुक आजचे नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळी, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यात १२३४५६५४३२१ या संख्येचे वर्णन एकापासून सहापर्यंत चढणारी व त्याच क्रमाने उतरणारी असे येते. हा सहा एकांच्या संख्येचा वर्ग आहे. देवळालीच्या शिक्षकाने जो धागा हाती घेतला तो या भूमीत अकराशे वर्षांपूर्वीही कोणाच्या तरी हाती होता.

आता पाठातील कसोटीचा क्षण येतो. शिक्षकाने विचारावे: दहा एकांचा वर्ग किती?

वर्गातील चुणचुणीत मूल क्षणात लिहील: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. नऊनंतर दहा, हे त्याच्या दृष्टीने अगदी सरळ आहे. हे उत्तर चूक आहे. परंतु ते आळसाने किंवा निष्काळजीपणाने आलेले नाही. आतापर्यंत नऊ वेळा खरी ठरलेली रीत त्या मुलाने दहाव्या वेळी वापरली आहे. अशा उत्तरावर तांबड्या शाईची फुली मारून ‘नीट गुणाकार कर’ एवढेच सांगितले तर ते मूल दोन गोष्टी शिकते: आपण विचार करू नये, आणि केलाच तर बोलू नये. कित्येक मुलांचे गणिताशी असलेले नाते अशाच एखाद्या फुलीपाशी तुटते. यास्तव त्या मुलालाच आपले उत्तर तपासावयास सांगावे.

पहिली तपासणी नवाच्या ताळ्याची. दहा एकांची बेरीज १०, म्हणजे १. त्याचा वर्ग १. मुलाच्या उत्तरातील अंकांची बेरीज ९१, त्यावरून १०, त्यावरून १. ताळा जुळला! येथे शिक्षकही क्षणभर थबकतील. ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. येथे ते डोळ्यांसमोर घडते. नवाचा ताळा अंक पाहतो, त्यांची स्थाने पाहत नाही. आणि या मुलाची चूक स्थानाचीच आहे.

दुसरी तपासणी अदमासाची. दहा एकांची संख्या दोनशे कोटींहून लहान आहे. दोनशे कोटींचा वर्ग म्हणजे चारावर अठरा शून्ये, म्हणजे एकोणीस अंकी संख्या. मग आपले उत्तर वीस अंकी कसे असेल? मुलाचे उत्तर वीस अंकी आहे. खऱ्या उत्तराच्या ते सुमारे दसपट भरते.

तिसरी तपासणी अकराच्या ताळ्याची. दहा एकांच्या संख्येत ११ च्या पाच जोड्या आहेत, म्हणून तिला ११ ने भाग जातो. अर्थात तिच्या वर्गालाही गेलाच पाहिजे. मुलाच्या उत्तरातील उजवीकडून एकाआड एक अंकांची बेरीज केली असता विषम स्थानांची ४६ व सम स्थानांची ४५ येते. फरक १, भाग जात नाही. चूक पकडली गेली, आणि ती शिक्षकाने नव्हे, मुलाने पकडली.

आता स्तंभांची बेरीज करावी. मधल्या स्तंभात दहा एक जमतात. दहा हा अंक नव्हे. एका घरात तो राहू शकत नाही. तेथे शून्य लिहून हातचा एक डावीकडे न्यावा लागतो. डावीकडच्या स्तंभात नऊ होते, त्यांत हा एक मिळून पुन्हा दहा. पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा. त्याच्या डावीकडे आठ, त्यात एक मिळून नऊ. येथे हातचा विसावतो. उत्तर असे:

१२३४५६७९००९८७६५४३२१

एकोणीस अंक. डावीकडच्या चढणीतून आठ नाहीसा झाला, कारण हातच्याने त्याचा नऊ केला. १ ला ८१ ने भागले असता ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असे जे आवर्ती अपूर्णांक येतात त्यांतही आठ नसतो, आणि १२३४५६७९ या संख्येतही नव्हता. तिन्ही ठिकाणी कारण एकच: हातचा.

याहून सूक्ष्म गोष्ट अंकांच्या बेरजेत आहे. दहा गुणिले दहा चिंचोक्यांचा चौरस म्हणजे १०० चिंचोके. परंतु वरील उत्तरातील अंकांची बेरीज ८२ भरते. अठरा कोठे गेले? हातचा घेताना एका घरातील दहा काढून शेजारच्या घरात एक ठेवतात. म्हणजे दर हातच्यास अंकांच्या बेरजेतून नऊ कमी होतात. येथे हातचा दोनदा घेतला, म्हणून नऊ दुणे अठरा. आणि दर वेळी बरोबर नऊच कमी होतात, म्हणूनच नवाच्या ताळ्यात हातच्याने बाधा येत नाही. जो ताळा मुले पिढ्यान्‌पिढ्या कारण न जाणता करीत आली, त्याचे कारण या एका मोडलेल्या रीतीने उघड केले.

आपली सतरा अंकी संख्या सुंदर आहे, कारण तिच्यात हातचा नाही. परंतु शिकविण्याच्या दृष्टीने तिची दहा एकांची धाकटी बहीण अधिक थोर आहे. रीत जेथवर चालते तेथवर मुलाला आनंद मिळतो. रीत जेथे मोडते तेथे त्याला ज्ञान मिळते. शिक्षकाचे काम त्याला या दुसऱ्या जागेपर्यंत नेणे आणि तेथे त्याचा हात न सोडणे, हे होय.

कापरेकरांच्या जीवनाकडे पाहिले म्हणजे या गोष्टीस बळ येते. डहाणूस १७ जानेवारी १९०५ रोजी जन्मलेले हे गृहस्थ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९२७ साली त्यांस रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी विद्यापीठात अध्यापक न होता शाळेत मुलांना शिकविले. १९३९ साली गुंजीकर यांच्यासमवेत डेम्लो संख्यांवरील त्यांचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण मांडला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी; तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी; उत्तरावर तीच क्रिया करीत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. पुष्कळांनी या कामास निव्वळ करमणूक मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा देवळालीच्या या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर झाले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. त्यांची साधने म्हणजे कागद, पेन्सिल आणि ‘असे का?’ हा प्रश्न. यांपैकी एकही वस्तू उपनगरातील कोणत्याही प्राथमिक शाळेत दुर्मिळ नाही.

इयत्ता चौथी-पाचवीच्या वर्गात हा पाठ दोन तासांत घेता येईल. पहिल्या तासास कागदी गाड्या व चिंचोके घेऊन नऊ एकांपर्यंत जावे. दुसऱ्या तासास दहा एकांचा प्रश्न विचारावा आणि चुकलेले उत्तर फळ्यावर तसेच राहू द्यावे. तिन्ही तपासण्या होईपर्यंत ते पुसू नये. उत्साही मुलांना बारा डब्यांच्या गाड्यांचा, म्हणजे बारा एकांच्या वर्गाचा, प्रश्न घरी द्यावा. त्याचे उत्तर १२३४५६७९०१२३२०९८७६५४३२१ असे येते. त्यातील अंकांची बेरीज ९० आहे. चौरस मात्र १४४ चिंचोक्यांचा. उरलेल्या ५४ वरून हातचा किती वेळा घेतला गेला, हे मुलांनी गुणाकार पुन्हा न करता सांगावे.

एखादे मूल ‘सहा वेळा’ असे म्हणेल. मग त्याला विचारावे, ‘कशावरून?’ आणि ते सांगू लागले म्हणजे वर्गाने शांतपणे ऐकावे.